माप, तोल आणि बंदुकीची दारू

दाणा मापावा आणि सोने तोलावे, ही आपल्याकडची जुनी रीत. जोंधळ्याच्या राशीपाशी पायली घेऊन बसलेला माणूस आणि गुंजा-मासे मांडून बसलेला सोनार, ह्या दोघांच्या हिशेबाची जातच वेगळी. पायलीवाला शीग लावतो, चार दाणे इकडेतिकडे सांडले तर त्याला काही वाटत नाही. सोनाराच्या काट्याला मात्र वाऱ्याची झुळूकही सोसत नाही. ह्या दोन रीतींच्या मधोमध एक जिन्नस असा आहे, की जो सुमारे पाचशे वर्षे धान्यासारखा मापला गेला आणि मग एका पिढीच्या आत सोन्यासारखा तोलण्याची पाळी आली. तो जिन्नस म्हणजे बंदुकीची दारू. हा पालट ज्यांच्या वेळेवर ध्यानात आला नाही, त्यांतल्या कित्येकांना बोटे नाही तर डोळे गमवावे लागले.

काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांचे मिश्रण; दिवाळीतल्या भुईनळ्याची ती थोरली बहीण. ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून आधी दारू, मग गोळी घालायची, गजाने ठासायची, कानाशी रंजक ठेवून बत्ती द्यायची. दारू बाळगायला शिंगडे. आपल्याकडे हस्तिदंताची, शिंपल्याची, नक्षी कोरलेली बारूददाने होती; त्यांतली लहान ती रंजकाची. नळीत किती दारू ओतायची ह्याची मापे मात्र साधी असत. शिंगाचा तुकडा आतून कोरून केलेले लहानसे चिपटे, एवढेच पुष्कळांचे साधन. अमेरिकेच्या सरहद्दीवरच्या शिकाऱ्यांत एक ठोकताळा होता. गोळी तळहातावर ठेवायची आणि ती झाकली जाईतो वरून दारू ओतायची, झाले माप! सतराव्या शतकातल्या युरोपीय शिपायाच्या छातीवर पट्ट्याला लाकडी कुप्या लटकत, एकेका कुपीत एकेका बाराची दारू आधीच भरलेली. पुढे कागदी काडतूस आले आणि माप शिपायाच्या हातून सुटून कारखान्याच्या हाती गेले. १८५७ साली ज्या एन्फिल्ड काडतुसावरून आग भडकली त्यात अडीच ड्रॅम दारू असे. दाताने कागद फाडून ती नळीत ओतायची, की मापाची चिंता संपली. कागदाला लावलेल्या चरबीची चिंता कशी वाढत गेली, तो इतिहास सर्वांना ठाऊकच आहे.

हा 'ड्रॅम' आणि त्याच्या जोडीचा 'ग्रेन' ही वजने समजून घेतल्यावाचून पुढची गोष्ट कळायची नाही. ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा एक दाणा, जशी आपली गुंज म्हणजे एका वेलीचे बी. इंग्रजी अमलातला तोळा १८० ग्रेनांचा. म्हणजे मासा १५ ग्रेनांचा आणि गुंज पावणेदोन ग्रेनांहून किंचित अधिक. ड्रॅम हा सुमारे सव्वासत्तावीस ग्रेनांचा. तीन ड्रॅम दारू म्हणजे आपल्या हिशेबाने साडेपाच माश्यांच्या आसपास.

ही झाली वजने. पण शेफील्डच्या जेम्स डिक्सन अँड सन्ससारख्या कारखानदारांनी जी धातूची दारूदाने विकली, त्यांच्या तोंडाशी कमीजास्त करता येणारी एक नळी असे आणि तीवर ड्रॅमचे आकडे कोरलेले असत. नळी काही वजन करीत नाही. ती फक्त जागा मोजते. त्या जागेत मावणाऱ्या काळ्या दारूचे वजन तेवढे भरते, इतकाच त्या आकड्याचा अर्थ. शाळेत मुलांना आपण विचारतो, की शेरभर कापूस जड की शेरभर लोखंड? मुले फसतात आणि आपण हसतो. दारूदानावरचा आकडा हा ह्याच कोड्याचा उलटा प्रकार होता. शेकडो वर्षे एकच जिन्नस मापायचा असल्यामुळे कुणी फसले नाही, एवढेच.

शिवाय काळी दारू क्षमाशील. ती दहाव्या हिश्शाने कमीजास्त पडली तरी फार बिघडत नसे. फाजील ओतली तर थोडी न जळता नळीबाहेर उडून जाई. पुढे धातूच्या पुंगळीची काडतुसे आली तेव्हा ह्या क्षमेला एक पहारेकरीही मिळाला. अमेरिकी सैन्याच्या १८७३च्या रायफलीचे काडतूस घ्या. त्याचे नावच पंचेचाळीस-सत्तर : नळीचा व्यास इंचाच्या शंभरांश पंचेचाळीस आणि दारू ७० ग्रेन. ती सत्तर ग्रेन दारू घातली की पुंगळी गोळीच्या बुडापर्यंत भरे. चुकून दोनदा ओतू म्हटले तर दारू टेबलावर सांडे. पुंगळी हेच माप आणि पुंगळी हाच पहारा.

पितळी पुंगळीचा दुसरा गुण असा, की ती एका बाराने संपत नाही. जळलेली टोपी ठोकून काढावी, नवी बसवावी, दारू ओतावी, गोळी दाबून बसवावी, की काडतूस पुन्हा तयार. आपल्याकडे परवान्यावाचून हा उद्योग १९५९च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ज्या ठासणीच्या बंदुका राहिल्या त्यांना पुंगळीच नसते. त्यामुळे ही विद्या आपल्या घरांत आली नाही. अमेरिकेत मात्र गावापासून शंभर मैलांवर बायसनांमागे हिंडणाऱ्या शिकाऱ्याला तिच्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि आज ती तिथे लाखो माणसांचा घरगुती छंद आहे. ह्या छंदवाल्यांसाठी जॉन बार्लो नावाच्या गृहस्थाने १८८४ साली कनेक्टिकटमधल्या न्यू हेवन गावी 'आयडियल' नावाचा कारखाना काढला. गोळ्यांचे साचे, पुंगळ्या भरण्याचे चिमटे आणि दारूची मापे हा त्याचा माल.

योगायोग असा, की त्याच १८८४ साली पॅरिसमध्ये पॉल व्हिएल ह्या रसायनज्ञाने धुराविना जळणारी दारू सिद्ध केली. दोन वर्षांत फ्रेंच सैन्याने तिच्यासाठी नवी रायफल घेतली. १८८७ साली आल्फ्रेड नोबेलने आपली दारू काढली, १८८९ साली इंग्लंडात एबल आणि ड्यूअर ह्यांनी कॉर्डाइट. आपल्या खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९चा, म्हणजे काळ्या दारूच्या राज्यातला; नीलगिरीतल्या अरुवनकाडूचा कॉर्डाइटचा कारखाना विसाव्या शतकाच्या आरंभीचा. मधल्या पस्तीस वर्षांत दारूचे जग उलटेपालटे झाले. कॉर्डाइट तर मापायचाच नव्हे. शेवयांसारख्या त्याच्या कांड्या. त्यांची जुडी पुंगळीत खोवायची. पण इतर नव्या दारवा बारीक तुकड्यांच्या, पापुद्र्यांच्या होत्या, आणि त्या ओतण्यासाठी लोकांच्या घरी मापे होती ती जुनीच.

नवी दारू तेवढ्याच वजनात कितीतरी अधिक जोर करी. जुने माप भरून ती ओतली तर बंदूक फुटणार हे उघड. कारखानदारांनी ह्यावर एक तोड काढली, आणि माझ्या मते सगळ्या अनर्थाचे मूळ ह्या तोडीत आहे. त्यांनी काही दारवा मुद्दाम फोफशा बनवल्या. जुन्या मापात काळ्या दारूइतक्याच जागेत त्या बसाव्यात आणि जोरही तेवढाच करावा, अशी योजना. प्रशियाच्या शुल्ट्झ नावाच्या कप्तानाने लाकडापासून केलेली दारू ह्याच जातीची. गिऱ्हाईक खूश! जुने दारूदान, जुना आकडा, काही शिकायला नको. पण त्याच दुकानात, तशाच डब्यात, नोबेलच्या जातीची घट्ट दारूही मिळू लागली. एक फोफशी, एक घट्ट. नाव दोघींचे 'धूरविरहित'. फोफशीची सवय झालेल्या हाताने तेच माप घट्ट दारूने भरले की पुढे काय होई ते सांगायला नको. गिऱ्हाइकाला नवे शिकवण्याऐवजी नव्या मालाला जुने सोंग दिले, त्याची ही किंमत.

त्या सोंगाचा अवशेष आजही पाहायला मिळतो. छऱ्याच्या काडतुसांच्या अमेरिकी खोक्यांवर अजून 'तीन ड्रॅम'सारखे आकडे छापतात. आत तीन ड्रॅम काही नसते. त्याच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास नवी दारू असते. काळ्या दारूच्या तीन ड्रॅमांनी छर्रा जितक्या वेगाने जाई तितक्याच वेगाने हाही जाईल, एवढा त्याचा भावार्थ.

बार्लोच्या आयडियल मापाची रचना मात्र इतकी नेमकी होती, की सव्वाशे वर्षांत तिचा सांगाडा बदललेला नाही. वर पाभरीच्या चाड्यासारखे दारूचे पात्र. त्याखाली आडवा रूळ, रुळात एक खोबण. मूठ वर केली की खोबण पात्राखाली येऊन भरते. मूठ खाली आणली की रूळ फिरतो आणि खोबणीतली दारू खालच्या पुंगळीत पडते. खोबण लहानमोठी करायला सरकती पट्टी, तीवर आकडे. आणि हे आकडे पुन्हा काळ्या दारूच्या ग्रेनांचे! नव्या दारूसाठी कोष्टक पाहा, नाही तर पहिला घाणा काट्यावर तोलून पट्टी बसवा. जो तोलीत नसे, तो आकड्यावर विसंबे.

१९२५ साली आयडियलचा धंदा लायमन कंपनीने घेतला. त्यांच्या पुढच्या पंचावन्न क्रमांकाच्या मापात एकाऐवजी तीन पट्ट्या आहेत. त्यांतली खुबी ध्यानात घेण्यासारखी आहे. शीग चुकते ती तोंडाशी. पसरट परातीत आणि उंच पेल्यात सारखेच दाणे मावत असले, तरी शिगेची चूक परातीत मोठी. म्हणून थोडी दारू हवी असेल तेव्हा अरुंद आणि खोल खोबण करायची. ह्या मापाला एक लहानशी हातोडीही जोडलेली असते. प्रत्येक वेळी तिने टकटक करायचे, म्हणजे दाणे सारखे बसतात. धान्य मापताना पायली हलवणारा आणि न हलवणारा ह्यांच्यात किती दाण्यांचा फरक पडतो हे बाजारकरी बाईला विचारावे! पात्र भरलेले असले तर वरच्या भाराने खालची दारू दाबली जाते, रिकामे होत आले की सैल पडते. म्हणून आत मधोमध एक तिरपा पडदा घालतात. सगळे करूनही शेवटी हाताची लय सारखी लागते. एकच माणूस, एकच दारू, एकच मूठ; पण मध्येच कुणी हाक मारली की पुढचे माप चुकते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सरकारने उरलेली दारू विकायला काढली. कॅन्ससच्या ब्रूस हॉजडनने ती प्रचंड प्रमाणात घेऊन एका कुरणात उभ्या केलेल्या जुन्या रेल्वेच्या वाघिणीत साठवली आणि छंदवाल्यांना विकली. स्वस्त दारूने छंद वाढला, पण ती दारू होती बारीक कांड्यांची. रुळाच्या कडेशी कांडी अडकली की मूठ कचकन थांबते. जोर करावा तर कांडी तुटते आणि माप हलते. गोल दाण्यांची दारू खसखशीसारखी वाहते, पापुद्र्यांची कुठेतरी साठून राहते. ज्याला 'दारूचे माप' म्हणतात, ते खरे म्हणजे त्या एका दारूचे, त्या एका दिवसाचे आणि त्या एका हाताचे माप असते.

माझ्या मते ह्या सगळ्यांत प्रामाणिक साधन सर्वांत स्वस्त होते. विस्कॉन्सिनच्या रिचर्ड लीने १९५८ पासून खिशात मावणारी भरणीची साधने विकायला काढली. त्यांच्याबरोबर एक चमचा आणि एक कोष्टक. ह्या चमच्यांवर ग्रेन नाहीत, ड्रॅम नाहीत; घन सेंटिमीटर आहेत. जागेचे माप जागेच्या भाषेत! कोणत्या दारूचे किती वजन त्यात मावते ते कोष्टकात पाहा. शंभर वर्षे वजनाचे सोंग घेऊन बसलेल्या मापाने इथे आपले खरे नाव सांगितले.

आजचे नवे यंत्र ह्या वादातून साफ बाहेर पडते. ते मापतच नाही, तोलते. इलेक्ट्रॉनिक काट्यावर भांडे. शेजारी फिरणाऱ्या नळीतून दारू आधी भसाभस, मग दाणा दाणा गळते. ठरलेले वजन भरले की नळी थांबते आणि घंटी वाजते. ग्रेनाच्या दहाव्या हिश्शापर्यंत त्याची नजर, म्हणजे आपल्या गुंजेचा जवळजवळ एकोणिसावा भाग. सोनारानेही हात जोडावेत! तरी गंमत अशी, की शंभर ते तीनशे यार्डांवर एका भोकात पाच गोळ्या घालू पाहणारे निष्णात स्पर्धक अजून मैदानातच, मूठ फिरवून, मापूनच दारू घालतात. काट्याला वाऱ्याची भीती, मापाला नाही. हाताची लय बसलेल्याला पायली पुरते.

पण तोलाला एक गोष्ट कधीच साधलेली नाही, ती म्हणजे पुंगळीचा जुना पहारा. रिव्हॉल्व्हरच्या पुष्कळशा पुंगळ्या काळ्या दारूच्या दिवसांत आखलेल्या. त्यांत आजच्या जलद दारूचा बार घातला तर तळ जेमतेम झाकतो. दुसरा बार चुकून पडला तरी पुंगळी तक्रार करीत नाही; वर गोळी बसली की सगळी काडतुसे सारखीच दिसतात. काटा अचूक वजन देईल, पण तेच वजन एका पुंगळीत दोनदा ओतले गेले हे त्याला कळत नाही. म्हणून जाणती माणसे पन्नास भोकांच्या लाकडी ठोकळ्यात पुंगळ्या ओळीने उभ्या करतात आणि गोळ्या बसवण्याआधी बॅटरीचा झोत टाकून प्रत्येकीत डोकावतात. एखादीत दारूची पातळी शेजारणीपेक्षा वर दिसली, की ती ओतून टाकायची. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. काम संपले की पात्र मोकळे करून दारू तिच्या डब्यात परत. आणि सकाळी पात्रात रात्रीची दारू सापडली, पण ती कोणत्या डब्यातली हे आठवेना, तर ती पुन्हा कोणत्याही पुंगळीत घालायची नाही. अंगणात नेऊन पातळ पसरायची आणि लांबून जाळून टाकायची.