आजीचें लाल लुगडें

ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगीं पूर्वजांच्या श्रद्धेचें स्मरण करितांना त्यांच्या पोषाखाचाही विचार करणें उचित होय. मनुष्य आपणांस कोण समजतो व कशास मान देतो, हें त्याचीं वस्त्रें न बोलतां सांगतात.

सन १७३६ त गोव्याच्या इन्क्विझिशननें जाहीरनामा काढून एतद्देशीय ख्रिस्ती पुरुषांस धोतर व स्त्रियांस चोळी वापरण्याची मनाई केली. देशी वस्त्र म्हणजे जुना धर्म, अशी ती समजूत. परंतु रोमची शिकवण निराळी होती. सन १६२३ त पोप पंधरावे ग्रेगरी यांनीं मदुरा मिशनांतील ख्रिस्ती ब्राह्मणांस जानवें व गंध कांहीं अटींवर ठेवूं दिलें. आणि १६५९ त प्रोपगंडा फिदे मंडळानें मिशनऱ्यांस बजाविलें कीं, धर्म व नीति यांस उघड विरोधी नसलेल्या लोकरीती बदलूं नयेत.

सन १७३९ त वसई मराठ्यांनीं जिंकली; पोर्तुगीज सत्ता गेली. श्रद्धा मात्र राहिली, आणि लुगडेंही राहिलें. आगाशी परिसरांतील आमच्या सामवेदी आज्या लाल लुगडें नेसूनच शेतांत राबत व मिस्सेस येत.

आतां तें बहुधा लग्नांत व सणांतच पेटीबाहेर निघतें. सेमिनरींत असतांना आई लुगड्यांत भेटीस आली, तेव्हां मीही सोबत्यांपुढें ओशाळलों होतों. ती लाज आज मला बोचते.

भगिनींनो, आवडेल तें सभ्य वस्त्र नेसा. परंतु आजीच्या लुगड्याची लाज धरूं नका. ज्या हातांनीं तिनें काष्टा खोंचला, त्याच हातांनीं तिनें आम्हांस क्रूसाची खूण शिकविली.