इंदापूरच्या बांधावर

दिवाळीच्या सुटीत गावी गेलो की फराळ आटोपून आजोबा आम्हां मुलांना शेतावर नेत. बांधाच्या कोपऱ्यात एक काळा दगड अर्धा जमिनीत रुतलेला होता. “त्याला हात लावू नका रे, मोजणीचा दगड आहे तो!” असे ते दटावीत. त्या दगडाची कथा मला पुढे फार उशिरा समजली. ती सुरू होते पुणे जिल्ह्यातील इंदापुरापासून.

1818 साली पेशवाई बुडाली आणि दख्खनचा शेतसारा ठरविण्याचे काम कंपनी सरकारकडे आले. प्रिंगल नावाच्या हुशार अंमलदाराने त्यासाठी मोठी मोजणी करविली. त्याची रीत कागदावर निर्दोष होती. शेताचे उत्पन्न काढावे, मशागतीचा खर्च वजा करावा आणि उरलेल्या प्राप्तीतले शेकडा 55 सरकारने घ्यावेत! पण शेतोशेत हिंडून हे आकडे आणायचे कोणी? ते काम हाताखालच्या कारकुनांवर पडले. कोणी अंदाजाने रकाने भरले, कोणी लाच खाऊन भरले. वरिष्ठांपुढे मात्र सुबक तक्ते गेले. 1830 साली हा सारा लागू झाला. त्यातच धान्याचे भाव उतरलेले. बाकी तुंबली, शेते ओस पडली आणि कित्येक कुणबी घरदार सोडून परमुलखात निघून गेले.

1835 साली गोल्डस्मिड हे असिस्टंट कलेक्टर इंदापुरात आले. जुना हिशेब प्रत्यक्ष जमिनीशी ताडून पाहताच त्यातील खोटेपणा उघडा पडला. मग लेफ्टनंट विंगेट या इंजिनिअराला सोबत घेऊन त्यांनी नवी मोजणी आरंभिली. निव्वळ प्राप्तीचे गणित त्यांनी सोडूनच दिले आणि ज्याला डोळ्यांनी पाहता येईल, हाताने मापता येईल, तेवढेच धरले. 33 फुटांची साखळी घेतली. तिच्या चौरसाचा एक गुंठा, 40 गुंठ्यांचा एकर. माती खणून तिची खोली पाहायची. उत्तम काळी जमीन पावणेदोन हात खोल असली तर 16 आणे, पाव हातच असली तर साडेचार. चुनखडी, वाळू, उतार असे दोष आढळले की प्रत खाली. आणि मुख्य म्हणजे, कारकुनाने केलेल्या प्रतबंदीपैकी काही शेते वरिष्ठ अंमलदाराने स्वतः जाऊन पुन्हा तपासायची. साहेब कोणत्या बांधावर उतरेल याचा नेम नाही म्हटल्यावर रकाने आपोआप खरे होऊ लागले!

सारा उतरला, 30 वर्षांसाठी कायम झाला आणि इंदापुरातील पडीक रान पुन्हा नांगराखाली आले. हे साहेब काही साधुसंत नव्हते; कंपनीची तिजोरी भरणे हेच त्यांचे काम. पण रयत उभी राहिली तरच तिजोरी भरेल, हे त्यांना शेतात उभे राहिल्यावर उमगले.

पुढची गोष्ट दुःखाची आहे. मुदत संपल्यावर, 1867 च्या सुमारास, फेरआकारणी झाली. अमेरिकेतील यादवीमुळे कापूस महागला होता. त्या तेजीच्या दिवसांतले भाव पाहून सारा भरमसाट वाढविला गेला. तेजी ओसरली, सारा तसाच राहिला. त्यात सावकाराचे कर्ज! 1875 च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात दंगा उसळला आणि गावोगाव सावकारांची खतपत्रे जळाली. कारणे अनेक होती, पण वाढलेला सारा हे त्यांतले एक होते.

आज सात-बाराच्या उताऱ्यावर हेक्टर आणि आर आले, तरी आपल्या तोंडी अजून गुंठाच आहे. यंदा गावी गेलात, तर बांधावरचा तो दगड मुलांना अवश्य दाखवा. कोणीतरी एकदा तेथवर चालत आला होता, हे त्यांना सांगा.