कोठारामागचा कुळव

मंगळवेढ्याचे नाव काढले की दामाजीपंतांचे कोठार आठवते. बहामनी अमलात, पंधराव्या शतकातल्या दुष्काळात त्यांनी सरकारी धान्य रयतेला वाटून टाकले, असे परंपरा सांगते. कोठार उघडणाऱ्या दामाजींना आपण संत मानले. पण या अवर्षणाच्या मुलखात कोठार भरण्याइतके धान्य पिकत कसे होते?

त्याचे उत्तर इथल्या काळ्या रानात आहे. पावसाळाभर रान मोकळे ठेवायचे, कुळवाच्या पाळ्या घालून पडेल ते पाणी मुरवायचे आणि परतीच्या पावसाच्या वाफशावर ज्वारी पेरायची, ही इथली जुनी रीत. खोल जमिनीत कोरडवाहू गहूही याच ओलीवर येतो. नांगरट दरसाल नसे. हराळी, कुंदा माजला की करायची. पुढे थंडीत काळी माती भेगाळते आणि भेगांतून ओल उडून जाते. कोळप्याने वरची माती भुसभुशीत केली की भेगा बुजतात. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे जुनी माणसे म्हणतात ते यासाठीच.

किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ साली आला. खोल मुळांचे तण त्याने निघाले. पण जितके खोल नांगरावे तितके पीक जास्त, हा समजही रुजला. १९३३ पासून सोलापूरला कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले. त्यातून कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी पद्धत सांगितली, तिच्यात खोल नांगरट तीन वर्षांतून एकदाच होती. बाकी भर बांधांवर, कुळवाच्या पाळ्यांवर, दीड फुटावरच्या पातळ पेरणीवर आणि कोळपण्यांवर होता. शेतकऱ्याचा अनुभव आता शास्त्राच्या कसोटीलाही उतरला होता.

त्याच दशकात अमेरिकेत गव्हासाठी नांगरून उघडी केलेली गवताळ मैदाने दुष्काळात धूळ होऊन उडाली. हजारो कुटुंबांना घरदार सोडावे लागले.

आज आपल्याकडे बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले. दरसाल खोल नांगरट होते, ढेकळे निघतात, डिझेल जळते. कोळपणी मात्र मजुरीअभावी राहून जाते. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले, याचा अभिमान आहेच. पण ही चव, हा दाणा त्या मातीतल्या ओलीचा आहे. ती ओल राखणारी मशागत गेली, तर मानांकनाचा कागद तेवढा हाती राहील.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)