'हेंप' शब्दाचा घोटाळा आणि गांजाच्या लागवडीचीं मराठी साधनें

भांगेच्या झाडाची व्यापारी लागवड पूर्वीं आपल्या मुलखांत होत असे, ही गोष्ट निर्विवाद आहे. परंतु ती नेमकी कोणत्या गांवीं, कोणत्या अटींवर आणि कोणाच्या भांडवलावर होत असे, हें ठरविण्यास दप्तरांचाच आधार पाहिजे. जालना जिल्ह्यापुरता हा विचार करितांना प्रथमच एक अडचण येते. हा जिल्हा १ मे १९८१ रोजीं निर्माण झाला. तत्पूर्वीं हा प्रदेश मुख्यतः औरंगाबाद जिल्ह्यांत मोडत असे, व १९४८ पर्यंत तेथें निजामाचा अंमल होता. अर्थात् मुंबई सरकारचा १८७८ चा अबकारी कायदा, किंवा त्यावरून तयार झालेले कागद, जालन्यास जसेच्या तसे लावितां येत नाहींत.

दुसरी अडचण शब्दाची आहे. इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखांत 'हेंप' हा एकच शब्द तीन निरनिराळ्या वनस्पतींस लाविलेला आढळतो. 'सन हेंप' म्हणजे आपला ताग, ज्यास कित्येक ठिकाणीं बोरू म्हणतात. 'डेक्कन हेंप' अथवा 'बाँबे हेंप' म्हणजे अंबाडी. आणि 'इंडियन हेंप' म्हणजे भांगेचें झाड. पहिलीं दोन पिकें दोराकरितां. अंबाडीची तर भाजीही घरोघर होते. आणि या दोहोंत मादक गुण मुळींच नाहीं. तेव्हां एखाद्या कोष्टकांत नुसता 'हेंप' असा शब्द पाहून तेवढे एकर गांजाचे होते, असें अनुमान काढणें सर्वथा अप्रयोजक होय. मराठी कागदांत ताग, अंबाडी व गांजा हे शब्द वेगवेगळे येतात. म्हणूनच या प्रश्नीं इंग्रजी तक्त्यांपेक्षां आपल्याकडील पाहणीखर्डे व सावकारी वह्या अधिक विश्वसनीय ठरतील.

भांग, गांजा व चरस यांविषयीं सर्वांत विस्तृत छापील साधन म्हणजे १८९३-९४ च्या 'इंडियन हेंप ड्रग्ज कमिशन'चा अहवाल. पार्लमेंटांत प्रश्न निघाल्यावरून हिंदुस्थान सरकारनें हें कमिशन नेमिलें. अध्यक्ष मॅक्वर्थ यंग हे होते, आणि एकंदर सात सभासदांत तीन एतद्देशीय होते. अकराशेंहून अधिक साक्षी घेऊन कमिशननें ऑगस्ट १८९४ मध्यें निकाल दिला. सरसकट बंदी त्यास अयोग्य वाटली. पुरेसा कर, परवान्यावांचून लागवडीस मनाई, लागवड थोड्या क्षेत्रांत एकवटणें, दुकानांची संख्या व जवळ बाळगण्याचें प्रमाण मर्यादित करणें, हे उपाय त्यानें सुचविले. मुंबई इलाख्यांत या पिकाचें मुख्य क्षेत्र अहमदनगर जिल्हा, मध्यप्रांतांत निमाड, आणि बंगाल्यांत राजशाहीकडील नौगांव, अशीं क्षेत्रें प्रसिद्ध होतीं. नगर जिल्हा गोदावरीकांठीं निजामी मुलखास लागून होता, हें जालन्याच्या अभ्यासकानें विसरूं नये.

या धंद्याचें मर्म पिकाच्या प्रकृतींत आहे. गांजा म्हणजे फळ न धरलेल्या मादी झाडाचे राळयुक्त शेंडे. नर फुलला कीं मादींत बीं धरतें आणि माल हलका होतो. म्हणून नर झाडें वेळींच ओळखून उपटावीं लागत. बंगाल्यांत या कामाकरितां पोद्दार नांवाचे जाणते लोक मजुरीनें बोलावीत. परंतु येथें वाचकांनीं सावध असावें. पुष्कळ ठिकाणीं शेतकरी या झाडाचीं लिंगें उलट सांगत. ज्यास गांजा येतो तें त्यांच्या मतें नर. इंग्लंडांतही अगदीं हाच प्रकार होता. तेथील 'फिंबल' हें नांव स्त्रीवाचक असून तें वस्तुतः नर झाडास लावीत. तेव्हां एखाद्या जुन्या टिपणांत "मादी उपटून टाकावी" अशा अर्थाची सूचना आढळल्यास लेखकाची चूक समजून ती 'शुद्ध' करूं नये. ती त्या काळच्या बोलीची साक्ष आहे.

परवान्याच्या पद्धतींत उत्पादकास आपला माल वाटेल त्यास विकतां येत नसे. गिऱ्हाईक परवानेवाला घाऊक व्यापारीच. मेहनत शेतकऱ्याची, दर व्यापाऱ्याचा, आणि कर सरकारचा, अशी ही त्रिस्थळी यात्रा होती. नौगांवच्या शेतकऱ्यांनीं १९१७ मध्यें सहकारी संस्था काढिली, तिचें कारण या परावलंबनांत शोधावें लागतें. आपल्याकडील शेतकऱ्याचा हिशेब मात्र सरकारी अहवालांतून कळत नाहीं. तो सावकाराच्या खतावणींतच मिळावयाचा.

म्हणून जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद व परतूर येथील संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, जुन्या वह्या रद्दींत जाण्यापूर्वीं त्यांतील पिकांचीं नांवें टिपून घ्यावीं. फसली सनांत ५९० मिळविल्यास इसवी सनाचा आरंभ मिळतो. फसली १३०३ म्हणजे कमिशनचेंच १८९३-९४ हें वर्ष. रकमा हाली शिक्क्याच्या कीं कंपनी रुपयाच्या, हेंही नोंदवावें.

हा केवळ जिज्ञासेचा विषय नव्हे. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानें परवान्यावांचून भांगेच्या झाडाची लागवड करणें हा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरीचा अपराध आहे. त्याच कायद्याच्या १४ व्या कलमांत तंतु व बीं यांकरितां सरकारनें परवानगी देण्याची वाट ठेविलेली आहे, व उत्तराखंडानें २०१८ मध्यें तिचा उपयोग केला. अशा वेळीं "वाडवडील हेंप पिकवीत" या मोघम वाक्यावर भरंवसून कोणी बियाणें पेरील, तर त्याचें प्रायश्चित्त इतिहासलेखकास नव्हे, त्या शेतकऱ्यास भोगावें लागेल. वाडवडिलांच्या शेतांत अंबाडी होती कीं गांजा, हें कागद पाहूनच सांगितलें पाहिजे.