फोटोला काय नेसायचं?

स्मरणिका समितीने यंदा प्रत्येक घराकडून एक सहकुटुंब फोटो मागवला आणि दोन दिवसांत सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पाणीकपातीपेक्षा जास्त चर्चा एकाच विषयावर झाली. फोटोला घालायचं काय? कोणी म्हणालं सगळ्यांनी पांढरा शर्ट आणि निळी जीन्स, कोणी म्हणालं नऊवारी आणि फेटा. तरुण मंडळींना वाटतं हा प्रश्न इन्स्टाग्रामने आणला. तसं मुळीच नाही. तो कॅमेऱ्याबरोबरच आपल्याकडे आला आणि त्याचं उत्तर बहुतेक घरांत एकच माणूस देत असे. बाकीच्यांनी फक्त ते अंगावर चढवायचं. मला जुन्या फोटोंचा नाद आहे, समितीने पानंही दिली आहेत, तेव्हा थोडं पाल्हाळ सहन करावं.

फोटोग्राफीचा शोध १८३९ मध्ये पॅरिसला जाहीर झाला आणि थोड्याच वर्षांत ती मुंबई-कलकत्त्याला पोचली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. साहेब लोकांच्या त्या संस्थेत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही होते आणि ते स्वतः उत्तम फोटो काढत. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. तिथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा व्यवसाय थाटला. म्हणजे आपली माणसं या धंद्यात पहिल्यापासून आहेत.

पण सुरुवातीला आपल्या लोकांचे फोटो निघाले ते बरेचसे नमुने म्हणून. विल्यम जॉन्सन नावाच्या गृहस्थांनी मुंबईतल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या फोटोंचा ग्रंथ दोन खंडांत काढला, १८६३ आणि १८६६ मध्ये. माणसं स्टुडिओत उभी करायची, मागे दुसरीकडचं दृश्य जोडायचं आणि खाली जातीचं नाव छापायचं. माणसाचं नाव बहुधा नाहीच. पगडी कशी बांधली, धोतर कसं नेसलं, लुगड्याचा काष्टा आहे की नाही, यावरून साहेबाने माणूस ओळखायचा. या पार्श्वभूमीवर एखादं कुटुंब आपण होऊन, आपले पैसे मोजून स्टुडिओत गेलं आणि आपल्या पसंतीचे कपडे घालून बसलं, ही गोष्ट वाटते तेवढी किरकोळ नव्हती.

आता कपड्यांच्या रंगाकडे येऊ, कारण तिथे कॅमेऱ्याची स्वतःची हुकूमशाही होती. त्या काळच्या काचेच्या प्लेटा फक्त निळसर उजेडाला दाद देत. त्यामुळे आकाशी कपडा फोटोत पांढरा पडे आणि लाल, पिवळा रंग काळा. कुंकू म्हणजे कपाळावर काळा ठिपका. केशरी पागोटं आणि काळी टोपी यांत फोटोपुरता फारसा फरक नाही. गव्हाळ चेहरा असतो त्याहून सावळा येई आणि त्यावरून घरात रुसवेफुगवे होत असणार, याबद्दल मला शंका नाही. पांढऱ्याशुभ्र धोतरावर उजेड असा उसळे की घड्या नाहीशा होऊन नुसता पांढरा ठिगळ उरे. १८७३ मध्ये फोगेल नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने प्लेटला हिरवा रंगही दिसेल अशी युक्ती काढली, आणि तांबडा धड दिसायला विसावं शतक उजाडावं लागलं. तेव्हा जुन्या फोटोत पणजीचं लुगडं काळं दिसलं म्हणून ते काळं होतं असं समजू नये. ते लालभडक असण्याचीच शक्यता जास्त.

पुरुषांचा पोशाख ठरलेला. खाली धोतर, वर लांब कोट, खांद्यावर उपरणं, डोक्यावर पगडी, पायात मोजे आणि बूट. हातात काठी किंवा पुस्तक, कोटाच्या खिशातून घड्याळाची साखळी बाहेर लोंबती. अर्धं शरीर कचेरीत आणि अर्धं देवघरात. उघड्या डोक्याने फोटो काढणं म्हणजे घरात कोणी गेल्याची खूण, म्हणून चार वर्षांच्या पोराच्या डोक्यावरही जरीची टोपी. बायका नऊवारीत, पण बसवताना लुगड्याचे काठ दिसतील असे मांडीवर पसरलेले आणि दागिने घरातले सगळे, प्रसंगी शेजारणीचेसुद्धा. मुळात बायकांनी परपुरुषासमोर बसायचं कसं, हाच मोठा अडसर होता. राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये सिकंदराबादेत बायकांसाठी वेगळा पडदानशीन स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती दिला, तो याचसाठी. त्यांचा मुंबईचा स्टुडिओ १८९६ चा. पण असली सोय धनिकांची. आपल्याकडच्या बहुतेक बायकांना फोटोग्राफर म्हणजे काळ्या कापडाखालचा एक परका पुरुषच.

आणि फोटोत एक माणूस बहुधा नसेच. ब्राह्मण आणि इतर काही जातींत केशवपन झालेली, लाल आलवण नेसणारी आत्या किंवा काकू घरात असे, सगळ्या घराचं रांधून वाढे, पण फोटोच्या दिवशी तिला कोणी ‘काय नेसतेस?’ असं विचारत नसे. जुना ग्रुप फोटो पाहताना मी माणसं मोजतो आणि घरातल्या जाणत्या माणसाला विचारतो, ‘त्या वेळी घरात आणखी कोण होतं?’ उत्तर येईपर्यंत थोडा वेळ जातो. मग एखादं नाव निघतं.

सगळ्याच बायकांनी मात्र ठरवून दिलेलं मुकाट्याने नेसलं असं नाही. आनंदीबाई जोशी अमेरिकेत फिलाडेल्फियाला डॉक्टरकी शिकत होत्या, तेव्हाचा १८८५ सालचा एक फोटो पुष्कळांनी पाहिला असेल. शेजारी जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या इस्लामबुली. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. थंडीच्या देशात परकरी झगे घालणं सोपं होतं आणि ते घालायला सांगणारेही असतील. बाई लुगड्यातच बसल्या. पुढे दीड वर्षांत, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्या पुण्यात वारल्या. तो फोटो राहिला.

याहून मोठी गोष्ट महाडची. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर जमलेल्या स्त्रियांशी बोलले. तुमच्या लुगडं नेसण्याच्या पद्धतीवरून आणि अंगावरच्या जड कथला-चांदीच्या दागिन्यांवरून तुम्ही अस्पृश्य आहात हे लांबून ओळखू येतं, ती ओळख पुसून टाका, लुगडं इतर बायकांसारखं पायघोळ नेसा, असा त्या बोलण्याचा आशय. अनेक जणींनी तिथल्या तिथे नेसण बदललं. जॉन्सनच्या ग्रंथात कपड्यावरून जात छापली जात होती, त्यानंतर साठ-पासष्ट वर्षांनी बायकांनी ती अंगावरून उतरवायला सुरुवात केली, असं मी याकडे पाहतो. दादरच्या राजगृहातला फेब्रुवारी १९३४ चा बाबासाहेबांचा कुटुंबाबरोबरचा फोटो प्रसिद्ध आहे : यशवंत, रमाबाई, वहिनी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंदराव आणि आवडता कुत्रा टॉबी. २७ मे १९३५ रोजी रमाबाई गेल्या. हा फोटो पाहायचा झाला तर महाडची सभा आठवून पाहावा.

याच सुमारास शहरांतल्या बायका नऊवारीतून पाचवारी गोल साडीत येऊ लागल्या होत्या. त्यात बालगंधर्वांचा हात मोठा. रंगभूमीवर एक पुरुष शालू नेसून दाखवतो आणि प्रेक्षागृहातल्या बायका घरी जाऊन तसा पदर घेतात, हा प्रकार जगात फार ठिकाणी झाला नसेल!

मी वाढलो तालुक्याच्या गावी, पन्नास-साठच्या दशकांत. तिथल्या स्टुडिओत मागे रंगवलेला पडदा : जिना, खांब, तळं, तळ्यात दोन हंस. कोपऱ्यात आरसा, कंगवा, पावडरचा डबा आणि खुंटीवर गिऱ्हाइकांसाठी एक काळा कोट. सगळ्या तालुक्याच्या मापाचा तो एकच कोट! मागून टाचण्या लावून आवळायचा, पुढून रुबाबदार. पुढे बँकेत लागलो तेव्हा या कोटाची पुन्हा गाठ पडली. अंगठा उठवणाऱ्या खातेदाराचा फोटो बँकेत घ्यावा लागे. काउंटरवर उभा असलेला शेतकरी बंडी-धोतरात आणि खात्यावरच्या फोटोत सुटाबुटात. एका गावचे तीन खातेदार, तीन फोटो आणि कोट तोच. आम्ही चेहरा पाहायचो, कोट नाही. पण त्या माणसाला बँकेत आपण कसे दिसावं असं वाटत होतं, ते त्या कोटातून बरोबर कळायचं.

साठ-सत्तरच्या दशकांत अॅग्फा क्लिक थ्री आला, बडोद्याला बनणारा. एका रोलमध्ये बारा फोटो, तेही लख्ख उन्हात. म्हणून त्या काळचे सगळे कौटुंबिक फोटो अंगणात आणि सगळ्यांचे डोळे बारीक. आणि आता जे ‘मॅचिंग’ म्हणतात ते आमच्याकडे तेव्हाच होतं, पण वेगळ्या कारणाने. दिवाळीला एकाच ताग्यातून वडील कापड घेत. भावांचे शर्ट, बहिणींचे फ्रॉक, उरलंच तर उशीचे अभ्रे. फोटोत आम्ही पाच भावंडं आणि मागची खिडकी एकाच छापाची! काटकसर होती, थीम नव्हती.

रंगीत फोटो घरोघर पोचले ते ऐंशीच्या दशकात, गावोगाव कलर लॅब निघाल्या तेव्हा. मग साडीला जुळणारा ब्लाउज, ब्लाउजला जुळणाऱ्या बांगड्या, त्याला जुळणारा नवऱ्याचा शर्ट. गंमत अशी की त्या अल्बममधले रंग आता उडालेत. हिरव्या साड्या तपकिरी झाल्या, चेहरे लालसर. कारण रंगीत फोटोत शेवटी उरतो तो नुसता रंग. काळ्या-पांढऱ्या फोटोतलं चित्र चांदीच्या बारीक कणांचं असतं आणि धुताना कसर केली नसेल तर ते शंभर वर्षं टिकतं. आपण रौप्यमहोत्सव करतोय म्हणून हा चांदीचा उल्लेख मुद्दाम केला.

आता पुन्हा सोसायटीकडे. पांढरा शर्ट आणि जीन्सचा ठराव जवळजवळ झालाच होता. बैठकीला सहसा न बोलणाऱ्या एक आजी मागच्या खुर्चीवर होत्या. त्या म्हणाल्या, ‘हे गेल्यावर पंधरा वर्षं मी फिकं नेसले. कोणी सांगितलं नव्हतं, पण न सांगताच सगळ्यांनी सांगितलं होतं. आता फोटोत तरी मला पांढरं नेसायला लावू नका.’ सेक्रेटरींनी विषय तिथेच थांबवला आणि इतिवृत्तात ‘पोशाख ऐच्छिक’ एवढंच लिहिलं. या स्मरणिकेत तुम्हांला जरीच्या साड्या, बर्म्युडा, क्रिकेटचे टी-शर्ट, एक नर्सचा गणवेश आणि एका घरात चक्क झोपेचे कपडे दिसतील ते या एका वाक्यामुळे. डाळिंबी रंगाची साडी नेसलेल्या आजी कोण, ते तुम्ही ओळखालच.

माझ्या घरचा जुना फोटो १९५६ चा आहे, आई, वडील आणि आम्ही तिघं, तेव्हा तिघंच होतो. काढला काळा-पांढरा, पण त्या वेळी वर हाताने रंग भरून देत. कोणत्या कपड्याला कोणता रंग, ते गिऱ्हाइकाने सांगायचं आणि सांगायला गेले वडील. फोटो घरी आला तेव्हा आईचं इरकली लुगडं गुलाबी झालं होतं. ते होतं चिंतामणी रंगाचं, तिच्या माहेरचं. वडिलांचं म्हणणं, गुलाबीच उठून दिसतं. फोटो भिंतीवर लागला आणि पुढची चाळीस वर्षं घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहा देताना आई न चुकता सांगायची, ‘ते गुलाबी नाही हो, चिंतामणी आहे.’