चिठ्ठीची गोष्ट : पदराच्या गाठीपासून मोबाईलच्या पडद्यापर्यंत

स्मरणिका म्हणजे स्मरणाची वही. तेव्हा तिच्यात स्मरणाविषयीच चार शब्द लिहावेत असे मनात आले. आपल्या मंडळातील तरुण भगिनी हल्ली मोबाईलच्या पडद्यावर रंगीत चौकोनी चिठ्ठ्या ठेवतात. पिवळीवर हळदीकुंकवाचे सामान, हिरवीवर भिशीची तारीख, गुलाबीवर मुलांच्या परीक्षा. वडीलधाऱ्या भगिनींना हे नव्या काळाचे खूळ वाटते. परंतु इतिहासाची पाने चाळली म्हणजे ध्यानात येते की, चिठ्ठी जुनीच आहे. नवा आहे तो फक्त तिचा कागद.

प्रथम राज्यकारभाराकडे पाहू. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत मंत्री, म्हणजेच वाकनीस, हे एक पद होते. महाराजांच्या रोजच्या व्यवहारांची टिपणे ठेवावयाची, भेटीगाठी व निमंत्रणे ध्यानात ठेवावयाची, हे त्यांचे काम. १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला, तेव्हा ह्या पदावर दत्ताजी त्रिंबक होते. पुढे पेशवाईत नाना फडणीसांचे नाव गाजले. 'फडणीस' हा शब्द फारसी 'फर्दनवीस' ह्यावरून आला. फर्द म्हणजे सुटा कागद, यादी. नवीस म्हणजे लिहिणारा. ज्या पदाचा एवढा दरारा होता, त्याचा मूळ अर्थ 'याद्या लिहिणारा' एवढाच आहे, हे वाचून कोणाही गृहिणीला हसू येईल!

हे सुटे कागद उडून जाऊ नयेत म्हणून ते विषयवार लावून फडक्यात बांधीत. त्या गाठोड्याला रुमाल म्हणत. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे हजारो रुमाल आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यांतील निवडक कागद १९३० ते १९३४ ह्या काळात ४५ खंडांत छापून काढले. कागद लिहिला एवढ्याने भागत नाही, तो पुन्हा हाताला लागला पाहिजे, हे आपल्या कारकुनांना पक्के ठाऊक होते. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. राज्याच्या आठवणीसाठी माणसे नेमलेली होती. त्यांना वेतन होते, मान होता.

घरात मात्र फडणीसही बाईच आणि वाकनीसही बाईच. तिला ना वेतन, ना कागद. डाळ कधी संपली, दळण कधी टाकावयाचे, कोणाच्या घरी किती आहेर दिला, सासऱ्यांचे औषध केव्हा, नणंदेचे बाळंतपण कोणत्या महिन्यात, हे सारे तिने डोक्यात ठेवावयाचे. फारच झाले तर पदराला एक गाठ मारावयाची. दुधाचा हिशेब दाराशेजारच्या भिंतीवर कोळशाच्या रेघांनी चाले. सोलापुरात १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली आणि पुढे शहर गिरण्यांचे झाले. मग घराचे घड्याळ भोंग्यावर चालू लागले. भोंगा कामगाराला पाळीची आठवण करून देई. पण त्याचा डबा भोंग्याच्या आधी तयार पाहिजे, ही आठवण कोणता भोंगा देणार? ती बाईलाच ठेवावी लागे.

बाईच्या हाती लेखणी आली तेव्हा हे चित्र थोडे पालटले. १८४८ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभे राहिले, आणि त्याचे काम आपल्या सोलापुरातही आले. शिकलेल्या मुली सासरी गेल्या आणि घरोघरी धोब्याची वही, वाणसामानाची यादी, दुधाचे टिपण सुरू झाले. खुंटीला दोरीने टांगलेले पंचांग तर होतेच. महाराष्ट्रात सर्वत्र पाहिले जाणारे दाते पंचांग आपल्या सोलापूरचेच, हे सांगावयास अभिमान वाटतो. १९७३ पासून जयंतराव साळगावकरांचे 'कालनिर्णय' भिंतीवर आले आणि तारखेचा चौकोन ही बाईची हक्काची चिठ्ठी झाली. त्या चौकोनात तिने दुधाचा खाडा लिहिला, सिलिंडर लावल्याचा दिवस लिहिला, कामवालीची रजा लिहिली. सण छापलेले, संसार हाताने लिहिलेला!

डिंकाच्या पिवळ्या चिठ्ठीचा जन्म अमेरिकेतला. थ्री एम नावाच्या कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर हे शास्त्रज्ञ घट्ट चिकटणारा डिंक शोधीत होते. १९६८ साली त्यांना सापडला तो नेमका उलटा : चिकटावा, पण अलगद सुटावा. कित्येक वर्षे त्याचा उपयोगच कोणाला सुचेना. १९७४ मध्ये त्यांचे सहकारी आर्थर फ्राय यांना तो सुचला. प्रार्थनागीतांच्या पुस्तकात खुणेसाठी घातलेले कागदाचे कपटे गळून पडत, म्हणून त्यांना ह्या डिंकाची आठवण झाली. १९८० पासून ह्या चिठ्ठ्या अमेरिकेत सर्वत्र विकल्या जाऊ लागल्या. पुढे त्यांचेच रूप संगणकाच्या पडद्यावर उतरले. ॲपलच्या संगणकांवर १९९४ मध्ये आणि विंडोजच्या सातव्या आवृत्तीबरोबर २००९ मध्ये त्या आल्या. २०१३ मध्ये 'गूगल कीप' आले आणि चिठ्ठी बाईच्या पर्समध्ये शिरली.

ह्या प्रवासात सोलापूरकरांना ओळखीची वाटेल अशी एक वस्तू आहे. आपल्या चादरीवरचा मोर वा वेलबुट्टी मागाला कशी आठवते? जॅकार्डच्या पुठ्ठ्यांमुळे. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढतात, तिच्याबरहुकूम पुठ्ठ्याला भोके पाडतात, आणि ते पुठ्ठे ओळीने ओवून मागावर चढवितात. भोक असेल तेथे दोरा उचलला जातो, नसेल तेथे जागीच राहतो. फ्रान्समधील जॅकार्ड यांनी ही युक्ती १८०४ च्या सुमारास सिद्ध केली. तिच्यावरूनच इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्रासाठी भोकांचे पुठ्ठे योजिले, आणि १८४३ मध्ये अ‍ॅडा लव्हलेस ह्या विदुषीने त्या यंत्रावर आपली प्रसिद्ध टिपणे लिहिली. अमेरिकेची १८९० ची जनगणनाही भोकांच्या कार्डांवर मोजली गेली. भोक आहे किंवा नाही, ह्या दोनच खुणांवर आजच्या संगणकाची स्मरणशक्ती उभी आहे. तेव्हा मोबाईलमधील चिठ्ठी परकी मानण्याचे कारण नाही. आपल्या मागाशी तिचे जुने नाते आहे.

आता उपयोगाचे थोडे. एका चिठ्ठीवर एकच काम लिहावे. रंग ठरवून घ्यावेत : घराचा एक, मंडळाचा एक, औषधपाण्याचा एक. तारखेचे काम असेल तर घंटा लावून ठेवावी. काम झाले की चिठ्ठी काढून टाकावी. दुकानदाराच्या तारेला टोचलेल्या जुन्या पावत्यांसारखा ढीग साचला, तर चिठ्ठी असून नसल्यासारखीच. टंकलेखन जमत नसेल तर मराठीत बोलून लिहविता येते. बँकेचा पिन किंवा पासवर्ड मात्र चिठ्ठीवर कधीही लिहू नये. खजिन्याची किल्ली कोणी भिंतीला टांगून ठेवीत नाही.

पण माझ्या मते खरा लाभ निराळाच आहे. पदराची गाठ एकटीची असते. ती कशासाठी मारली हे दुसऱ्या कोणास कळत नाही, आणि ती बाई आजारी पडली म्हणजे घर आंधळे होते. मोबाईलची चिठ्ठी घरातील चौघांना एकाच वेळी दिसेल अशी ठेवता येते. 'डाळ संपली' हे मुलगाही वाचतो, 'आईच्या डोळ्यांची तपासणी मंगळवारी' हे यजमानही वाचतात, आणि काम झाल्याची खूण झाली की नाही, हेही सर्वांना दिसते. "मला कोणी सांगितलेच नाही" ही सबब मग चालत नाही. आजवर जे काम दिसत नव्हते, म्हणून मोजले जात नव्हते, ते ह्या चौकोनात दिसू लागते. मात्र चिठ्ठी लिहिण्याचे कामही पुन्हा बाईच्याच गळ्यात पडले, तर भिंत बदलली, भार तोच, असे होईल. म्हणून भगिनींनो, घरातल्या प्रत्येकाला आपापली चिठ्ठी लिहावयास लावा.

राज्याला आठवण ठेवण्यासाठी अनेक माणसे लागली. घराचा कारभारही एकट्या बाईच्या डोक्यावर चालू नये, एवढेच सांगावयाचे होते.