हृदयाची विश्रांती

हृदय जन्मभर विश्रांती घेत नाही, असे म्हणण्याची रीत आहे. यावर शरीरशास्त्राची जुनी पुस्तके उत्तर देत की, दोन ठोक्यांमधला अवकाश हीच हृदयाची विश्रांती होय. मिनिटाला ७२ ठोके धरले तर एका ठोक्याला सुमारे ०.८ सेकंद लागतो. त्यांपैकी आकुंचनाला ०.३ सेकंद पुरतो, उरलेला ०.५ सेकंद शिथिल होण्यात आणि रक्ताने भरण्यात जातो. हिशोब बरोबर आहे. परंतु स्नायू सैल पडतो तेव्हा त्याला काहीच खर्च येत नाही, ही त्यामागची समजूत चुकीची होती, आणि ती दुरुस्त होण्यास तीनशेहून अधिक वर्षे लागली.

दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेन याचे मत असे की, हृदय स्वतःच्या बळाने फुगते आणि रक्त आत ओढून घेते. १६२८ मध्ये विल्यम हार्वे याने रुधिराभिसरणाचा सिद्धांत मांडला, तेव्हा हे मत मागे पडले. हृदयाचे खरे काम आकुंचनाचे, रक्त बाहेर ढकलण्याचे, हे हार्वेने दाखवून दिले. त्याचा निर्णय मूलतः योग्यच होता. मात्र प्रसरण ही नुसती सैल पडण्याची अवस्था होय, अशी धारणा त्यासोबत रूढ झाली. १६६९ मध्ये रिचर्ड लोअर याने काळसर रक्त फुफ्फुसात हवेच्या संगतीने लाल होते हे सिद्ध केले. पुढे शंभरएक वर्षांनी प्रीस्टली आणि लॅव्हाझिए यांच्या संशोधनातून त्या हवेतील प्राणवायूची ओळख पटली. हा प्राणवायू हृदयाला आकुंचनासाठी लागतो, हे सर्वांना सहज पटले; सैल होण्यासाठीही तो लागत असेल, हे मनात येण्यास अजून अवकाश होता.

पहिला धागा लंडनमध्ये हाती लागला. १८८२-८३ च्या सुमारास डॉ. सिडनी रिंगर बेडकाचे हृदय क्षारयुक्त पाण्यात चालते ठेवण्याचे प्रयोग करीत होते. हृदय उत्तम चालले. पण ते पाणी ऊर्ध्वपातित नसून शहराच्या नळाचे होते, असे मागाहून उघड झाले. शुद्ध पाणी घेताच ठोके मंदावून थांबले. नळाच्या पाण्यातील कॅल्शियम हेच त्यातले इंगित होते. रिंगर यांनी आणखी एक गोष्ट टिपली : कॅल्शियम प्रमाणाबाहेर गेले की हृदय आवळते, पण त्याचे सैल होणे लांबते. म्हणजे आकुंचनाला जे द्रव्य हवे, तेच वेळेवर दूर झाले नाही तर शिथिलतेच्या आड येते.

दुसरा धागा रसायनशास्त्राचा. १९२९ मध्ये जर्मनीत कार्ल लोमान यांनी आणि अमेरिकेत हार्वर्ड येथे सायरस फिस्के व आंध्रातील भीमवरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी स्नायूंतून एटीपी हे द्रव्य वेगळे केले. पेशींच्या व्यवहारातील हे रोख चलन होय. हृदयातील त्याची शिल्लक काही ठोक्यांपुरतीच असते. ती सतत नव्याने भरावी लागते, आणि निरोगी हृदयात नव्वद टक्क्यांहून अधिक भरणा प्राणवायूच्या जोरावरच होतो. १९४० नंतरच्या वर्षांत हंगेरीतील सेगेड येथे आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांच्या प्रयोगशाळेत मृत्यूनंतर येणाऱ्या ताठरपणाचा उलगडा झाला. स्नायूतील दोन प्रकारचे तंतू परस्परांना पकडून ओढतात. ती पकड सुटण्यासाठी एटीपी लागते. एटीपी संपली की तंतू जिथल्या तिथे अडकून पडतात. मृतदेह ताठरतो तो स्नायूंनी जोर केल्यामुळे नव्हे, सोडण्याची शक्ती उरली नाही म्हणून.

१९६१-६२ मध्ये हे दोन्ही धागे जुळले. जर्मनीत हासेलबाख व माकिनोसे आणि त्यांच्याहून स्वतंत्रपणे जपानचे सेत्सुरो एबाशी यांनी दाखविले की, स्नायुपेशीच्या आत सूक्ष्म पिशव्यांचे जाळे असते, आणि प्रत्येक आकुंचनानंतर सुटे झालेले कॅल्शियम ते पुन्हा आत खेचून घेते. हा उपसा एटीपी खर्चूनच चालतो. तेव्हा शिथिलतेला दोनदा मोल द्यावे लागते : एकदा कॅल्शियम उपसण्यासाठी, एकदा तंतूंची पकड सुटण्यासाठी.

हे ज्ञान प्रयोगशाळेपुरते राहिले नाही. मराठीत निर्दय माणसाला पाषाणहृदयी म्हणतात. १९७२ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टनचे शल्यविशारद डेंटन कूली आणि त्यांचे सहकारी यांनी हेच विशेषण शब्दशः खऱ्या अर्थाने योजले. शस्त्रक्रियेसाठी हृदयाचा रक्तपुरवठा काही काळ रोखला जाई. झडप बसवून रक्त पुन्हा सोडल्यावर काही रुग्णांचे हृदय आवळलेल्या मुठीसारखे दगड झालेले आढळे. ते पुन्हा सैल होत नसे आणि रुग्ण दगावे. त्याच वर्षी कॅट्झ व ताडा यांनी एटीपीच्या दुष्काळाकडे बोट दाखविले. हृदय थांबवायचेच तर पोटॅशियमयुक्त थंड द्रावणाने, त्याची शिल्लक राखून थांबवावे, ही पद्धत त्यानंतरच्या वर्षांत दृढ झाली.

अर्थात प्राणवायूची प्रत्येक टंचाई हृदयाला दगड करीत नाही. १९३५ मध्ये टेनंट आणि विगर्स यांनी प्राण्याच्या हृदयाची रोहिणी एकाएकी बंद केली, तेव्हा तेवढा भाग थोड्याच वेळात आकुंचन सोडून बाहेर फुगू लागला. पण पुरवठा पूर्ण न तुटता श्रमाच्या मानाने अपुरा पडतो, तेव्हा बहुधा आधी बिघडते ते सैल होणे. १९८७ मध्ये नेस्टो व कोवाल्चुक यांनी हा क्रम मांडला : प्रथम शिथिलता ढळते, मग आकुंचन, त्यानंतर विद्युत्-आलेख बदलतो, आणि छातीतील कळ सर्वांत शेवटी येते.

यात एक दुष्टचक्र दडलेले आहे. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याच्या भिंतीला बहुतेक रक्त मिळते ते ती सैल असताना. आवळलेला स्नायू स्वतःच्याच वाहिन्या दाबून धरतो. प्राणवायू कमी पडला की शिथिलता लांबते, शिथिलता लांबली की पुरवठा आणखी घटतो. कप्पा पुरता सैल झाला नाही म्हणजे आतला दाब वाढतो, आणि तो मागे फुफ्फुसांपर्यंत पोचतो. जिना चढताना कोणास पूर्वी न लागणारी धाप लागू लागली, तर छातीत कळ नाही म्हणून निश्चिंत राहणे बरे नव्हे. ती कळ क्रमाने शेवटची असते. कधी कधी ती येतही नाही.